लगद्यात गेलेली पत्रकं

प्रिय वहिनी,

तुम्हाला जाऊन तिसरं वर्ष चालू आहे आणि मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. काल दादाच्या एका बोलण्यानं लिहायला लावलं. लोकल बोर्डाची निवडणूक पुन्हा आली आहे आणि तो पुन्हा उभा आहे. ओसरीवर चहा चालला होता. चारचौघांत मला म्हणाला, या खेपेला पत्रकं छापशील ती जपून ठेव, मागच्या वेळी तुझ्या वहिनीनं त्यांच्या टोपल्या केल्या आणि मला पाडलं. सगळे हसले. मीही हसलो हो, वहिनी! नंतर मात्र चहा तसाच ठेवून उठलो.

काय तुमच्या त्या टोपल्या! नगरच्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचो. सुटीत घरी देवळालीला येताना रद्दी घेऊन यायचो. तुम्ही ती मेथ्या घालून भिजवायचात, कुटायचात आणि पालथ्या घागरीवर लगदा थापायचात. त्याच रद्दीवर मी तुम्हाला अक्षरं शिकवली. जोडाक्षर आलं की तुम्ही माझ्यावरच चिडायचात, जसं काही ते मीच तयार केलं होतं.

मग ती निवडणूक आली. दादाकडे गावच्या रेशनच्या रॉकेलचं वाटप होतं. समोरून उभ्या असलेल्या बापूरावांच्या माणसांनी बाजारात उठवलं की दादा ते काळ्या बाजारात विकतो. धादांत खोटं! आपल्याच घरी तेल नाही म्हणून तुम्ही दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकत होतात. माझं डोकं फिरलं. तुझ्या कामांचं पत्रक छापून आणतो, असं दादाला सांगितलं आणि छापलं भलतंच. बापूरावांची लेक शांता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मी छापलं, तिला सासरच्यांनी टाकलं आहे. ज्याला घर सांभाळता येत नाही, तो तालुका काय सांभाळणार? वाक्य जमलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो, बरं का.

गठ्ठा घरात टाकून मी दादाला बोलवायला मळ्यात गेलो. तुम्ही वाचाल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शिकवलं मी आणि विसरलोही मीच. आम्ही परत आलो तर सगळा गठ्ठा मेथ्यांच्या पाण्यात, आणि तुम्ही कोपरापर्यंत हात घालून कुस्करत होतात. दादा ओरडला. तुम्ही म्हणालात, रद्दी समजून घातली. तो तुम्हाला काय काय बोलला ते लिहवत नाही.

तो बाहेर गेल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "भावजी, ह्ये वाचून तिची सासू तिला न्यायला यील का? अन् तुमच्या भावाला कळलं, तर त्यो तुमचं तोंड बघायचा न्हाई. मी खाते बोलनी. मला सवय हाय."

दादा थोडक्यात पडला. खापर तुमच्यावर फुटलं. वर्षभरात तापानं तुम्ही गेलात आणि मी गप्पच राहिलो. एक विचारू? इतकं चांगलं असायचं काही कारण होतं का? एकदा तरी माझं नाव सांगायचं होतंत.

शांताला न्यायला सासू स्वतः बैलगाडी घेऊन आली होती. शांताचा मुलगा परवा बाजारात दिसला. बापूरावांच्या खांद्यावर बसून शेव खात होता आणि निम्मी त्यांच्या पागोट्यात सांडत होता. मला फार बरं वाटलं. तुम्ही हे बघायला हवं होतं. स्वराज्यही तुम्ही बघितलं नाही. पुढे म्हणे बायकांना सरसकट मत मिळणार. तुम्ही कुणाला दिलं असतंत? दादाला सांगितलं नसतंत, एवढं नक्की.

आज सकाळी दादा उसाला पाणी देत होता. तिथं जाऊन सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हातातलं खोरं पाठीत बसतंय. त्यानं ते बाजूला ठेवलं आणि बांधावर बसला. पाणी सरी सोडून वाहिलं तरी उठला नाही.

"ती जायच्या आधी म्या तिला म्हनलं हुतं, पत्रकांचं मनात ठिवू नको, म्या तुला माफ केलं," तो म्हणाला. "तशा तापात बी हसली. मला वाटलं, बरं वाटलं तिला."

मग म्हणाला, "लई येडा वाटलो आसंल मी." आणि आम्ही दोघंही हसलो, वहिनी, डोळे पुसत हसलो. तुम्ही गेल्यापासून असे दोघं मिळून हसलो नव्हतो.

संध्याकाळी ओसरीवर तीच मंडळी येणार आहेत. त्यांना सगळं मीच सांगणार आहे, दादाला सांगू देणार नाही. या वेळच्या पत्रकात दादानं काय केलं आणि काय करणार, एवढंच असेल. दुसऱ्या कुणाच्या घराबद्दल एक अक्षरही त्यात येणार नाही, हे माझं वचन. दादा निवडून आला तर आनंदच आहे. पडला, तर आपल्या पायांनी पडेल. तुमचं नाव कुणी घेणार नाही.

तुमचा,
भावजी