कोटाच्या दुमडीत

४ जून

प्रिय ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

शाळेच्या वसतिगृहात आपण फ्रॉकच्या दुमडीत चॉकलेटं शिवून ठेवायचो, आठवतं? टाके माझे, हावरटपणा तुझा. सिस्टरांना एकदाही सापडली नाहीत. पुढे शिवणावरच माझं पोट चाललं, तेव्हा तू म्हणायचीस, चोरीचं शिक्षण कामी आलं.

ते पुन्हा कामी येतंय. हे गेल्यावर झोपेसाठी डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली होती. अर्धीची मूठ कधी झाली, कळलंच नाही. लेक कपाटं उपसते, म्हणून मी गोळ्या शिवायला आलेल्या कपड्यांत लपवते. काल वकीलबाईंचा कोट तसाच धाडला गेला, दुमडीतल्या गोळ्यांच्या पाकिटासकट. बाई तो घेऊन आल्या, खाली काहीतरी कुरकुरतंय म्हणाल्या. लेकीने त्यांच्यादेखत टाके उसवले. ती ओरडली नाही गं. नुसती खाली बसली.

सुईत दोरा जात नाही. सकाळ झाली की आता ही कशाला उजाडली, असं वाटतं. थकले, ताई. मशीन लेकीला दे. शिवताना बोटात घालते ते पितळी अंगुस्तान तुला. माझ्यामागे तिच्यावर माया असू दे.

तुझी धाकटी

७ जून

लाडक्या धाकटीस, पोटाशी धरून आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता मिळालं. लेकीला फोन केला, तुला क्षणभरही एकटं सोडू नको म्हटलं. तू माझ्याशी बोलायला नकार दिलास. बरं. या कागदाचा फोटो तिला पाठवते, ती वाचून दाखवेल. अक्षर वाकडं आलंय, घाईत लिहितेय.

सिस्टरांना हरवणारी तू, आणि एका वकीलबाईला सापडलीस! तेवढ्यावरून कळलं, पाणी कुठवर आलंय ते. इथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, दवाखान्यात ठेवून हळूहळू कमी करतात. तुझ्या खाटेशेजारी मी असेन. दुपारच्या गाडीने निघतेय. तोवर थांब. माझ्यासाठी एवढं कर, बाळा.

तुझी वाटणी मला मान्य नाही. मी सांगते तशी कर. कपड्यांत राहिलेल्या सगळ्या गोळ्या, फक्त तुलाच ठाऊक असलेल्यासुद्धा, लेकीच्या हातात दे. कात्री शेजारच्या काकूंकडे. कपडे ज्याचे त्याला, उसवलेले असले तरी. घराची किल्ली मला. मशीन कुणालाच नाही. आणि अंगुस्तान माझ्या बोटात कधी बसलंय का गं? ते तुझ्याच बोटात राहू दे. मी येऊन बघणार आहे.

तुझी ताई