आलेल्यानं आधी सांगायचं

करवंदपाडा, ता. पेठ
१८ जानेवारी १९९८

ती. मीनाआत्यास,
तृप्तीचा सा. न. वि. वि.

तुझ्या लाडवांचा डबा पोचला. वर्गानं एका दिवसात फस्त केला, माझ्या वाट्याला वास आला.

आता रडगाणं. चौथीच्या मुलांना स्वतःची ओळख करून द्यायला शिकवते आहे. माझे नाव अमुक, माझे गाव अमुक. एका सुरात झकास म्हणतात. परवा तालुक्याचे साहेब आले, एकेकाला नाव विचारलं, तर सगळा वर्ग चिडीचूप! चांगुणासुद्धा, जी एरवी मला बोलू देत नाही. साहेब हसत म्हणाले, की बाई, मुकी शाळा दिसते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं जाऊ दे गं. मे महिन्यात चांगुणाची नाशिकला मुलाखत आहे, वसतिगृहाच्या शाळेसाठी. इथली शाळा चौथीपर्यंतच. तिथं गप्प बसली, तर आईबापांबरोबर सायखेड्याकडे द्राक्षांच्या कामाला जाईल आणि शिक्षण संपलं. काय करू?

लोभ आहेच, लाडूही असू देत.
तुझी,
तृप्ती

*

इंदिरानगर, नाशिक
२७ जानेवारी १९९८

चि. तृप्तीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंचवटीच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर माझा जन्म गेला, लाजरी मुलं ढिगानं पाहिली. ती खाली बघतात, बोटं चघळतात. तुझी तशीच करत होती का? की साहेबांकडे टक लावून बघत होती? मला भारी उत्सुकता लागली आहे. त्यांच्या घरी पाहुणा आला की काय करतात?

चांगुणाच्या घरी जा आणि नुसती बसून राहा. प्रश्न विचारू नकोस. लहानपणी तू रिक्षावाल्यालाही त्याच्या बायकोचं नाव विचारायचीस, म्हणून सांगते.

जेवणाची आबाळ करू नये. आम्हां दोघांची आठवण असावी.
तुझी आत्या

*

करवंदपाडा
१५ फेब्रुवारी १९९८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं डोकं म्हणजे डोकं! मुलं साहेबांकडे टक लावूनच बघत होती.

चांगुणाकडे गेले. तिथं सुरगाण्याकडचा मोतीराम नावाचा लांबचा पाहुणा आला. कुणी काही विचारलं नाही. तो पाणी प्यायला आणि मग आपण कोण, कुणाचे, कुठल्या वाटेनं आलो ते सांगू लागला. त्याचं संपल्यावर घरच्यांनी एकेक करून आपलं सांगितलं. चांगुणाची आई भागीबाई मला म्हणाली, की आलेल्यानं आधी सांगायचं, त्याला खोदून विचारणं बरं नाय. साहेबांनी स्वतःचं काही सांगितलंच नव्हतं गं! आणि मी तरी? जूनपासून इथं आहे, अजून नुसतीच बाई.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात उभी राहून पाणी प्यायले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, विंचवाला घाबरते हेही सांगितलं. पोरं खुदखुदली आणि एकेक उठून बोलायला लागली. मला रडूच आलं.

पण मुलाखतीतल्या मोठ्या बाई थोड्याच आधी आपलं नाव सांगणार! तेव्हा माझं प्रशिक्षण आहे. चांगुणाला तूच घेऊन जा ना.

काकांना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
तृप्ती

*

इंदिरानगर
१२ मे १९९८

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

चांगुणाला प्रवेश मिळाला! आता सावकाश वाच.

भागीबाई आणि ती माझ्याकडेच उतरल्या. मुलाखतीच्या खोलीत मोठ्या बाई कागदात डोकं घालून बसलेल्या. चांगुणानं पाणी मागितलं. शिपायानं पाणी दिलं, ती घटाघटा प्यायली आणि कुणी विचारायच्या आत सुरू झाली. मी चांगुणा, भागीबाईची आणि बुधाची, करवंदपाड्याची, पेठपर्यंत चालत आणि पुढं एसटीनं आले. अगं, इथं आलेली तीच होती! हे तुझ्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही.

बोलून झाल्यावर ती बाईंकडे बघत राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं, आपलं नाव आणि गाव सांगितलं. लहानपणी आपणही अशाच वसतिगृहात राहिलो, असंही म्हणाल्या.

सुट्टीत ये. घर तुझंच आहे.
तुझी आत्या

*

नाशिक
९ जुलै १९९८

तृप्तीबाईंना चांगुणाचा नमस्कार.

मी बरी हाय. भात रोज मिळतो, नागलीची भाकरी नाय. मीनाआजी रविवारी येतात.

काल एक नवीन मुलगी आली. पेटी घेऊन दारात उभी राहिली. आम्ही सगळ्या थांबलो. तिला पाणी दिलं, ती प्यायली नाय. लय रडत होती. तिला काही सांगताच येईना. मग मीच आधी माझं सांगितलं. आता ती माझ्याशेजारी झोपते.

मी आधी बोलले, ते आईला मात्र सांगू नका.

तुमची,
चांगुणा