सृष्टी डाव्या कडंला खेळती

बुधवार, २४ सप्टेंबर

सृष्टी म्हनती आता ती पुढं खेळनार. फुटबॉल! पुढं म्हंजी डाव्या कडंला. त्याला विंगर म्हनत्यात. मी म्हनलं, पडलीस तर? नुसती हसली. दहा वर्साची माझी पोर — मला सगळ्याचं भ्या वाटतं, हिला कशाचंच न्हाई.

गुरुवार, २५ सप्टेंबर

चुलीपशी चिंचोके मांडून दाखवलं तिनं. आदी मधी चौघी खेळायच्या. कडंची पोरगी पुढंबी पळायची, बॉल गेला की मागंबी. गोल मारायच्या टायमाला दम संपल्याला. आता त्यांच्या विजयमाला मॅडमनी मागं चौघी, मधी तिघी, पुढं तिघी केल्या. मी इचारलं, मग तू काय करनार?

"मला वाटंल ते. कडंनं जाईन, न्हाईतर आत घुसंन."

वाटंल ते! पोरीला आसं कोन सांगतं?

ती शाळेत गेल्यावर मीच चिंचोके हालवत बसले. भाकर करपली.

रविवार, २८ सप्टेंबर

समर्थला काखंला मारून मॅच बघाया गेले. आठ म्हैन्याचं माझं धाकटं पोरगं, सारखं बॉलकडं झेप घेतंय. सृष्टी आत घुसली की तिची कडा मोकळी. तिथनं कोन आलं तर? मॅडमला भीत भीत इचारलं. मी चौथी शिकल्याली. मॅडम म्हनल्या, मागची पोरगी वर सरकती, मधली तिची जागा धरती, म्हनून सृष्टीला मागं बघावं लागत न्हाई.

मग मी सृष्टीला सोडून मागच्या पोरीच बघितल्या. खरंच सरकत हुत्या! कुनी वरडून सांगितलं न्हाई तरी. लई नवल वाटलं.

मॅडम म्हनल्या, डिसेंबरात नगरला जिल्ह्याची मॅच हाय, सृष्टी पायजेच. मी हो म्हनून मान हालवली. डिसेंबरात आमी ऊस तोडाया गेल्यालो आसतो, ते तोंडातनं निघालं न्हाई.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

हे म्हनले, दिवाळी झाली की टोळी निघनार. सृष्टीला संग घ्यायची. समर्थला फडावर, पाचटाच्या कोपीत कोन संबाळनार?

टोळीत आमी नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात. हे तोडनार, मी मोळ्या बांधनार. एकटा गडी आला तर अर्धा कोयता — मुकादम नाक मुरडतो. मीबी नऊ वर्साची आसताना फडात आशीच भावाला घिऊन बसायची. शाळा तिथंच सुटली.

सृष्टीनं बूट धुवून वाळत घातले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

घरी एकटी ठिवावी तर पोरीची जात. संग न्यावी तर माझ्यावानी हुईल.

ह्यांना चिंचोके मांडून दाखवले. "येडी झालीस का? आता तूबी खेळनार?" म्हनले. पन बसले खाली. हिच्या मागं कोन आसतं, म्हनून इचारलं. मी दाखवलं. त्यांनीबी मागचा एक चिंचोका वर सरकवला. मग उठून ढोरांकडं गेले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

मुकादम नावं लिवाया आल्ता. हे तोंड उघडायच्या आदी मीच बोलले.

"औंदा आमचा अर्धा कोयता लिवा. मी पोरांपशी हितंच ऱ्हानार."

मुकादम माझ्याकडं बघंनाच. ह्यांना म्हनला, "मग मोळ्या कोन बांधनार रं?"

हे म्हनले, "मी बांधीन. लिवा."