घंटा वाजतेय तोवर

कुरकुंभ,
संक्रांतीनंतरचा रविवार, २००५

तीर्थस्वरूप मल्हारमामांना भाचा संपत याचा वाकून दंडवत. गुडघा कसा आहे? (बरा आहे असंच सांगाल, म्हणून विचारायचंच सोडणार होतो.) इकडे माझी मोठी फजिती झाली, ती तुम्हालाच सांगतो, कारण ती निस्तरली तुमच्या मेंढरांनी.

कंपनीतला मोठा संगणक ठीक चाललाय ना, हे बघत बसायचं माझं काम. मला आला कंटाळा. मग मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकालाच लेखी हुकूम दिला, की बाबा रे, अधूनमधून स्वतःची तब्येत तपास आणि काही दुखलं तर साहेबांच्या टेबलावर बोंब मार. मंगळवारी दिवसभर एकही बोंब नाही. साहेबांनी खूश होऊन माझ्या नावानं भजी मागवली. तेवढ्यात गेटवरचे सोपानराव आले, "गाड्या कवाच्या उभ्या हायत, पावती का निघंना?" पाहतो तर मोठा संगणक सकाळपासून मान टाकून पडलेला! बोंब मारणारी स्क्रिप्ट त्याच्याच पोटात, तो गेला तशी तीही गेली. (उरलेली भजी साहेबांनी स्वतःकडे ओढली.)

तेव्हा मला दौंडजवळची आपली दुपार आठवली. भीमेकाठी मेंढरं चरताहेत, तुम्ही बाभळीखाली तोंडावर पटका टाकून घोरताय आणि मी घाबरून तुम्हाला हलवतोय. "घंटा वाजतीया न्हवं? मग मला कशाला उठवतूस?" एवढं बोलून पुन्हा घोरणं सुरू. म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा थांबली की मात्र ताडकन उभे! चांगुणामामी भाकरी घेऊन येईपर्यंत मीही तुमच्याशेजारी पडून ती घंटा ऐकायचो. मामा, तसली झोप मला पुन्हा लागली नाही. फार आठवण येते.

तर मी स्क्रिप्ट उलटी केली. आता मोठा संगणक ठीक असेपर्यंत शेजारच्या संगणकावर टिंग टिंग करत राहतो, टिंग थांबली की आम्ही धावायचं. साहेब म्हणतात, डोकं उठलं. मी म्हणतो, उठू द्या.

तुमचा,
संपत

ता. क. दिवाळीला दिलेला मोबाईल तुम्ही फडक्यात गुंडाळून कणगीत ठेवलाय, असं शेजारच्या सुषमाताईनं सांगितलं. तो बाहेर काढा आणि रोज दिवेलागणीला मला एक मिस कॉल द्या. मी उचलणार नाही, तुमचा पैसा जाणार नाही. मामी गेल्यापासून तुमचं काहीच कळत नाही, आणि काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक, यावर आता माझा विश्वास उरलेला नाही. वाजला नाही, तर मिळेल त्या एसटीनं न्हावऱ्यात हजर होईन.

आणखी एक. वाजला, की मी तोंडावर रुमाल टाकून झोपणार आहे. कुणी उठवलं तर काय बोलायचं, ते मला पाठ आहे.