कैरीच्या सालींची जिन

७ एप्रिल
नव्या जिनच्या लेबलाचा नमुना आला. वर 'लंडन ड्राय', खाली हापूसची फोड. मालक आप्पा, पावस गावचे आंबा बागायतदार. इसेन्सचा कॅनही आणून ठेवलाय. आंबा बाटलीत शेवटी घालायचा म्हणे.
मी आप्पांना सांगितलं, मग लंडन ड्राय लिहिता येणार नाही.
"तू लंडनला गेलीस कधी गो?"
नाही. लंडन लागत नाही, पद्धत लागते. जुनिपरची फळं (जिनचा मूळ वास त्यांचाच), धणे, सालं, सगळं भट्टीच्या भांड्यात आधी. वाफ निघाली की संपलं. नंतर पाणी. रंग, इसेन्स नाही.
"पाणी तर दूधवालापण घालतो."
आप्पांनी वीस तारखेपर्यंत मुदत दिली. तोवर आंब्याचा वास भांड्यातून आला तर ठीक, नाहीतर इसेन्स; लेबल हेच. लेबलाच्या मंजुरीच्या कागदावर केमिस्ट म्हणून सही माझी. पहिलीच नोकरी.

८ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत वाचलं. एके काळी लंडनमध्ये मद्यार्क इतका वाईट निघायचा की वास झाकायला साखर, टर्पेंटाइन, काहीही. मग उंच स्तंभाची, सलग शुद्ध करत जाणारी भट्टी आली, मद्यार्क स्वच्छ झाला, साखरेची गरज उरली नाही. म्हणून 'ड्राय'. पुढे टॉनिकबरोबर जगभर. आता मुंबई-गोव्यात दर महिन्याला एक नवी जिन.
झाकायला काही ठेवलं नाही, हे मला फार आवडतं. चूक झाली तर ती भांड्यातच झालेली असते.

११ एप्रिल
पिकल्या आंब्याचा रस घातला. तळाला करपला. भट्टीवरचे सावंत (पूर्वी बोटीवर इंजिनरूममध्ये) आत डोकावून म्हणाले, "मॅडम, आंबापोळी बरी झालीय." दोघांनी मिळून तीन तास घासलं.
पिकल्या हापूसचा तो वास वाफेबरोबर नीट येत नाही. मानायला हवं.

१३ एप्रिल
रविवार. आई लोणच्याच्या कैऱ्या सोलत होती. तिच्या हाताचा वास: हिरवा, तिखट, थोडा पाइनसारखा. जुनिपरच्या शेजारी बसेल असा.
सालं मागितली. कशाला, विचारलं नाही. शेजाऱ्यांना ती सांगते, मी 'औषधाच्या कंपनीत' असते.

१५ एप्रिल
सालं ४०० ग्रॅम, वाफेच्या वाटेतल्या जाळीत. नाकाला उत्तम. मद्यार्क ४३ टक्क्यांवर आणायला पाणी घातलं आणि जिन दुधासारखी झाली. सालांचं तेल जास्त.

१६ एप्रिल
२०० ग्रॅम. काचेसारखी स्वच्छ. चवीला आधी जुनिपर, मग धणे, मग अगदी शेवटी कैरी. सावंतांनी ग्लास परत पुढे केला.
छोटी बाटली घरी नेली. आईला खरं सांगितलं.
"माझी सालं दारूत?"
होय म्हटलं. तिने बूच काढून हुंगलं. बराच वेळ. मग बूच लावून बाटली फडताळात, हिंगाच्या डब्यामागे.

१९ एप्रिल
आप्पांना दिली. पाण्याबरोबर, बर्फ न घालता. दोन घोट.
"यात हापूस कुठाय?"
कैरी आहे.
तिसरा घोट. "हा बागेतला वास. काढणी चालू असते, देठ तोडतो ना, तेव्हाचा." मग लगेच, "पण लोक पैसे पिकल्या आंब्याचे देतात गो."
मी म्हटलं, मग लेबलावरून फोड काढा किंवा लंडन ड्राय काढा. दोन्ही ठेवून इसेन्स घातलात तर सही करणार नाही. आवाज नेहमीसारखाच राहिला.
ते उठले. लेबलाच्या नमुन्याची घडी करून खिशात घातली.

२० एप्रिल
सुट्टी असूनही गेले. आप्पा आले नाहीत. फोनवर एवढंच: "उद्या बोलू. ती कालची बाटली कुणाला देऊ नको, मला हवीय."
इसेन्सचा कॅन टेबलावर आहे. सील तसंच. मी हलवला नाही.
घरी आले तर आई पडवीत कैऱ्या सोलत बसलेली. सालं वेगळ्या टोपलीत, वर ओलं फडकं.
लोणचं गेल्या रविवारीच भरून झालंय.