पाणी प्यायलेला घोडा

प्रिय पप्पा,

हे पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवेल? मला सांगता येत नाही. घरात आलेला प्रत्येक कागद आजवर मीच तुम्हाला वाचून दाखवला आणि नेमका हा कागद तुमच्यासमोर बसून वाचायची माझी हिंमत नाही. ओतिलिया आत्याला सांगा. ती मधेमधे स्वतःची वाक्यं घालेल, तेवढी सोडून द्या.

मी अजून त्रुहिल्यो शहरात, छापखान्यातच आहे. गावात फिरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठीच्या पुस्तिकेतली खाण्याची पानं छान उतरली आहेत. आत्याचं लिंबातल्या कच्च्या मासळीचं सेविचे सगळ्यांत आधी आहे. "बारानंतर मागू नका, आणि कुणी दिलं तर खाऊ नका," हे तिचंच वाक्य तसंच ठेवलं. मग धक्क्याजवळचे खेकडे, चर्चपुढून मावळता सूर्य दिसतो तो कठडा. आणि पान अकरा तुमचं, तुमच्या होडीतल्या फेरीचं. ते तर तुम्ही महिनाभर आधीच आपल्या अख्ख्या वांचाको गावाला सांगून ठेवलंत, "माझ्या पोरीनं मला पुस्तकात घातलंय, आता लिमाची माणसं माझं नाव विचारत येतील!" त्यावर आत्या म्हणाली होती, "येऊ देत. पुस्तकाला तुझा वास येत नाही, हे त्यांचं नशीब."

त्या पानावर मी लिहिलं होतं, 'इथले मासेमार लव्हाळ्याच्या होडीला घोडा म्हणतात आणि होडी भिजून जड झाली, की म्हणतात, घोडा पाणी प्यायला.' मला ते फार गोड वाटलं. आपल्या घरात जन्मून, त्या शब्दांवर आई कशी दचकायची हे पाहूनही, मला ते गोड वाटलं. नमुना म्हणून ते पान मी बस थांब्यावर चिकटवलं.

शनिवारी भर दुपारी मी धक्क्यावरून फोटो काढत होते. भिंतीला उभ्या केलेल्या तुमच्या घोड्याच्या शेपटीतून अजून पाणी ठिबकत होतं. एरवी महिनाभर टिकणारी होडी तुम्ही तिसऱ्या महिन्यात चालवत होतात. नवी बांधायला लव्हाळा नाही, तो उगवायचा ते आपलं तळं समुद्रानं गिळलं, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी फेरीला बसलेल्या, कुस्कोहून आलेल्या त्या शिक्षिकेनं मला नंतर सांगितलं, की तुम्ही तिला म्हणाला होतात, "बाई, घोडा पाणी प्यायलाय." ती हसली, "हो हो, वाचलंय मी!" म्हणाली आणि होडीत बसली. तुम्ही पुन्हा सांगितलं नाहीत.

तिसऱ्या लाटेला होडीचं नाक वर आलंच नाही. लाट सरली, तुम्ही दिसलात. ती दिसेना. मी धक्क्यावरून तुमच्या नावानं ओरडत होते, पप्पा म्हणून नाही, "सेगुंदो! सेगुंदो!" म्हणून. तुम्ही तिसऱ्यांदा बुडी मारलीत आणि तिला केसांना धरून वर काढलंत. वाळूवर पाणी ओकून झाल्यावर तिनं आधी चष्मा मागितला.

जेवताना तुम्ही म्हणालात, "हे काही पुस्तकात घालू नकोस हं!" मीही हसले. पण तुम्ही ताट अर्धवट टाकून उठलात, ते आत्यानंही पाहिलं.

तुम्ही तिला सावध केलं होतं. तिला हसायला मी शिकवलं होतं. आणि तरीही सोमवारी तुम्ही तोच घोडा पुढच्या फेरीसाठी पुन्हा भिंतीला वाळत उभा केलात.

म्हणून काल सकाळी मी पान अकरा बदलून घेतलं. तुमचं नाव, तुमचा फोटो, घोड्यावरची फेरी, सगळं काढलं. आता तिथे एवढंच आहे, 'घोडा पाणी प्यायला, असं मासेमारानं म्हटलं तर हसू नका. बसू नका.' तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी ऐकलं असतं. छपाई संपली आहे, गठ्ठे बांधून झाले आहेत.

तुमचे कागद वाचणारी तुमचीच,
नेली