बगळ्याने माझा पॅच काढला

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

आज सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी, मी चहा गाळत असताना, बगळ्याने माझा पॅच, म्हणजे मी प्रोग्राममधे घातलेली दुरुस्ती, काढून टाकला. दोन मिनिटांनी मलाही काढलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर तारीख-वेळ घालून करा, रडत करू नका. तेव्हा तारीख-वेळ घातली आहे. रडलेले नाही.

कारण म्हणून एकच ओळ: "सावधगिरी म्हणून मागे घेतलं." कसली सावधगिरी? कोणापासून?

दोनदा लॉगिन करून पाहिलं. वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणजे या, बसा, पण कशाला हात लावू नका.

बगळा म्हणजे ब. खरं नाव मला ठाऊक नाही. लॉगिनच्या चित्रात बगळा आहे, म्हणून मीच ठेवलेलं. 'तो' म्हणते तेही सवयीने. असेल एखादी बाई, माझ्यासारखीच खाष्ट. नऊ वर्षं आम्ही दोघं मिळून उंबरा सांभाळतो. (उंबरा म्हणजे आमचा फुकट वाटायचा प्रोग्राम. हेही नाव माझंच. मूळ इंग्रजी नाव मला आवडत नाही.) विद्यापीठाच्या संगणक केंद्रात असताना फावल्या वेळात करत होते, निवृत्तीनंतर सगळा वेळ तिथेच जातो.

संध्या. – आमोदला पुण्याला फोन. चिरंजीव म्हणतात, "आई, फुकटचं काम आहे ना? मग जाऊ दे. छोड़ ना!" बनारसचा मुलगा, पुण्यात गेला तरी शेवटचा शब्द हिंदीतच. मी म्हटलं, तुझ्या बँकेतली किती मशीनं या फुकटच्या कामावर चालतात ते आधी विचारून ये.

बुधवार, ५ नोव्हेंबर

देवदिवाळी. अमृतराव घाटावर पणत्या लावायला वहिनीने बोलावलं होतं. गेले नाही. म्हटलं गुडघा दुखतोय. दुखत होतं डोकं.

लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल. उंबऱ्याचं काम साधं आहे. कुठलाही प्रोग्राम त्याच्या आत चालवायचा. आपण जेवढं दाखवू तेवढंच त्या प्रोग्रामला दिसतं. बाकीचं घर बंद. पण हे कुंपण घालायला उंबऱ्याला घडीभर सगळ्या मशीनची सत्ता हातात घ्यावी लागते. त्या घडीत चूक झाली तर कुंपणच चोराला आत घेतं.

आणि चूक आहे. मला सप्टेंबरात सापडली. उंबरा आधी फोल्डर तपासतो, मग उघडतो. तपासणं आणि उघडणं यांच्या मधे आतला प्रोग्राम तो फोल्डर बदलून दुसराच पुढे करू शकतो. दारावर माणूस ओळखला, कडी काढायला वळलो, तेवढ्यात तिसराच आत. माझा पॅच एवढंच करतो: आधी उघडून हातात घट्ट धरायचं, आणि जे हातात आहे तेच तपासायचं.

हे ब.ला कळू नये? त्याला? जो स्वल्पविरामसुद्धा टेस्ट, म्हणजे बदल पारखणारा छोटा प्रोग्राम, लिहिल्याशिवाय हलवत नाही?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांच्या उघड पत्रचर्चेत, प्रश्न टाकला: माझा अधिकार का काढला? उत्तरं आली ती ब.ची नाहीत, भलत्यांचीच. कोणी एक लिहितो, "धीर धरा." दुसरा, "तुमच्या तळमळीबद्दल धन्यवाद." तळमळ! मी काय हरितालिकेचा उपास धरलाय?

भोक आहे हे लिस्टवर सांगता येत नाही. दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत तोंड बंद ठेवायचं, हा या धंद्यातला शिरस्ता. आणि दुरुस्ती करायला मला परवानगी नाही. तक्रारीचा एक खासगी पत्ता आहे, त्यावर आलेली पत्रं दोघांनाच दिसत, मला आणि ब.ला. आता एकट्या ब.ला. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच दारात घालायचं.

ऑक्टोबरात तिथे सविस्तर लिहिलं होतं. सीलबंद, सहीनिशी. उत्तर नाही. ब. अधूनमधून असा बुडी मारतो म्हणून मी वाट पाहिली, आणि मग पॅच स्वतःच घातला. माझं चुकलं कुठे? खरंच विचारतेय. कळत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

केंद्रातले शुक्लाजी गेले. त्यांना पोचवायला मी मणिकर्णिका घाटावर गेले होते. त्यांच्या घरचे म्हणाले, "मैडम, आप यहाँ?" म्हटलं, तीस वर्षं एका टेबलावर जेवलो, आता कोणाला विचारायचं?

तिथून गल्लीने रामघाटावर दादाकडे. घसा सुकला होता. वहिनीने दारातच हात आडवा केला.

"वन्सं, तिथंच थांबा."

"अगं, पाणी तरी दे!"

"देते. आधी तिथंच थांबा. कुठून आलात ते मग सांगा."

"म्हणजे? मी कोण आहे माहीत नाही तुला?"

"तुम्ही कोण ते माहीत आहे. आत काय घेऊन आलात ते नाही माहीत. आणि वन्सं, दरवेळी काय रुसायचं? तुमचे दादा स्मशानातून आले तरी मी हेच करते. त्यांना काय मी टाकून दिलंय?"

आतून दादाचा आवाज: "टाकलं असतंस तर बरं झालं असतं, निदान गरम पोळी मिळाली असती!"

पायरीवर उभी राहिले. वहिनी अंगावर पाणी ओतायला बादली आणायला गेली. मी रागाने नुसती फणफणत होते, आणि तसंच उभं असताना माझ्या लक्षात आलं की हा नियम मीच लिहिलाय.

वहिनीचा नाही. उंबऱ्याचा. चार वर्षांपूर्वी, एका दुसऱ्या प्रकल्पात कोणीतरी गोड बोलून आत शिरला तेव्हा. 'दोघांपैकी एकाचा संशय आला तर दुसऱ्याने आधी त्याचे अधिकार काढावेत, चौकशी नंतर.' वाक्य माझं. ब.ने तेव्हा विचारलं होतं, जरा कठोर नाही का होत? मी लिहिलं होतं, कठोर असलेलंच बरं.

पोळी खाल्ली की नाही आठवत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ब.च्या जागी बसून पाहते.

सप्टेंबरअखेर माकडाने माझा लॅपटॉप गच्चीच्या कठड्यावरून खाली ढकलला. पापड वाळत होते, मी दोन मिनिटं खाली गेले होते. लॅपटॉपबरोबर माझी सहीची किल्लीही गेली, म्हणजे त्यात साठवलेला गुप्त आकडा, जिने मी नऊ वर्षं प्रत्येक कामावर सही केली. जादा प्रत? ठेवली नव्हती. प्रत ठेवली की ती चोरीला जाते, हे मीच लोकांना बजावते. इतका कडेकोट बंदोबस्त केला की मलाच परत शिरता येईना.

नवी किल्ली केली. जुनीची सही नवीवर हवी, पण जुनीच नाही.

तर ब.ला काय दिसलं? नव्या, अनोळखी किल्लीने आलेलं सीलबंद पत्र. असलं पत्र उघडायचं नाही. मीही उघडलं नसतं. मग काही आठवड्यांनी त्याच अनोळखी किल्लीने एक पॅच, उंबऱ्याच्या सर्वांत नाजूक जागी. सोबत टेस्ट नाही, कारण टेस्ट टाकली की भोक जगाला दिसलं असतं. वर टीप म्हणून मी लिहिलं होतं, "किरकोळ साफसफाई." तेही मुद्दामच, कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.

चोर दुसरं काय करतो?

इथे लिहिलं नव्हतं, पण मला वाटत होतं ब.चं लॉगिन कोणी चोरलंय. ब.ला वाटतंय माझं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लिस्टवर सगळं खरं खरं लिहिलं, भोकाचं सोडून. माकडाचंही. चूक झाली. आता माकडाची चित्रं येताहेत.

एकाने लिहिलं आहे: "निवृत्त वृद्ध स्त्री, वाराणसी, नदीकाठ. ही व्यक्ती फार जमवून बनवलेली वाटते." मला बनवलेली! नदीकाठी राहतही नाही मी. सुंदरपूरला राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

पुरुष असते, तिशीतला, बेंगळुरूचा, तर खरी वाटले असते.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ब.चं पहिलं उत्तर. "पूर्वीच्या एखाद्या विश्वासाच्या मार्गाने ओळख पटवा." कोणता मार्ग? मी व्हिडिओ कॉल सुचवला. उत्तर: हल्ली चेहरे बनवता येतात, आणि तुमचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिलेला नाही. बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच चीड येते.

दादाला सांगितलं. त्याच्याकडे घरी शिकायला येणारे विद्यार्थी नुकतेच उठून गेले होते. म्हणाला, "मग त्याला फक्त तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेलं काहीतरी विचार. घरगुती. सोपं आहे."

सोपं नाही. बसून आठवलं. नऊ वर्षांत आम्ही जे बोललो ते सगळं लिस्टवर, उघड्यावर, कोणीही वाचावं असं. तोच आमचा अभिमान. आजारी होतास का, घरी कोण असतं, काही नाही. हे गेले तेव्हा मी फक्त लिहिलं होतं, "दोन आठवडे नाही." ब.ने लिहिलं होतं, "ठीक." तेव्हा मला ते बरं वाटलं होतं. बाकीच्यांनी फार बोलून दमवलं होतं.

तेही लिस्टवरच आहे. कोणालाही वाचता येईल.

दादा म्हणाला, "नऊ वर्षं? आणि एकदाही जेवलास का विचारलं नाहीस? कमाल आहे तुझी."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आता काहीच कळेनासं झालंय.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवा रिलीज, उंबऱ्याची नवी आवृत्ती, अशी घोषणा ब.ने केली. भोकासकट. आणि आज सकाळी त्याने कोणा नव्या माणसाचा एक बदल माझा पॅच होता त्याच फाइलमधे घेतला. टेस्ट नाही. ब.ने! टेस्टशिवाय!

मग हा ब. आहे की नाही? तो मला नियमाने बाहेर ठेवतोय असं मी मानलं होतं, मन शांत केलं होतं. नियम पाळणारा माणूस टेस्टशिवाय बदल घेत नाही. की दमलाय? एकट्यावर सगळं पडलंय म्हणून? माझ्या वाटणीचंही?

तो बदल चार वेळा वाचला. निरुपद्रवी दिसतो. माझाही निरुपद्रवी दिसत होता.

आमोदचा फोन. "आई, सीधे पब्लिक कर दे ना. लिहून टाक, भोक आहे म्हणून."

"आणि दुरुस्ती येईपर्यंत ज्यांची मशीनं उघडी पडतील ते?"

"ते तुझे कोण लागतात?"

कोणी नाही लागत. फोन ठेवला. मग पुन्हा मीच केला आणि विचारलं, जेवलास का? म्हणाला, "तब्येत ठीक है ना, आई?"

सोमवार, २४ नोव्हेंबर

दोन दिवस एकाच गोष्टीवर अडले होते. भोक सिद्ध करायला टेस्ट पाठवायला हवी. टेस्ट म्हणजे घरफोडीचं तयार हत्यार. समोर ब. असेल तर त्याला पटेल. दुसरा कोणी असेल तर मी त्याला ते आयतं दिलं. आणि नाही पाठवली तर रिलीज निघतो, भोक सगळ्यांच्या घरी जातं. कुठल्या बाजूने पाहिलं तरी मीच दोषी ठरते.

आज पाठवलं. ब.च्या जाहीर किल्लीने सीलबंद, म्हणजे फक्त त्यालाच उघडता येईल असं, त्या खासगी पत्त्यावर. लिस्टवर एवढंच लिहिलं: पत्र आलं आहे, उघड. पत्र इंग्रजीत आहे. सिस्टर खूश झाल्या असत्या. इथे मराठीत उतरवते, म्हणजे मी काय केलं ते मला तरी कळेल.

"ब.,

तू ब. असशील तर हे तुला. नसशील तर जो कोणी आहेस त्याला, आणि मग मी फार मोठी चूक करते आहे.

मी मीच आहे हे मला सिद्ध करता येत नाही. तू तू आहेस हे तुलाही येणार नाही. तेव्हा तो वाद बंद. अधिकार परत नकोत. पॅचवर माझं नाव नको. पॅच चोराने लिहिला आहे असं धरूनच वाच. किंवा वाचूही नकोस. सोबतची टेस्ट रिकाम्या मशीनवर चालव, भोक डोळ्यांनी पाहा आणि तुझ्या पद्धतीने बुजव. तोवर रिलीज थांबव. शुक्रवारी घेतलेला तो टेस्टशिवायचा बदल कोणाचा आणि का घेतलास, तेही सांग. तू असं करत नाहीस.

बरा आहेस ना? हा प्रश्न नऊ वर्षं उशिरा विचारते आहे, त्याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत. आभार, तळमळ, धीर यांतलं काही नको. शुक्रवार, २८ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, इथल्या घड्याळाप्रमाणे. त्यानंतर मी भोक सर्वांसमोर उघड करीन. आणि त्यात ज्यांचं नुकसान होईल त्यांना मी काय सांगायचं, तेही त्याच वेळेच्या आत, तुझ्या सहीनिशी लिहून पाठव."